दुखऱ्या कंबरेवर वजनाचा उतारा

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आपल्याकडच्या घराघरांतून दोन वास हमखास येतात. एक भाजणीचा आणि दुसरा कंबरेला चोळलेल्या बामचा. माळ्यावरचे डबे खाली येतात, गाद्या उन्हात पडतात, पंख्याची पाती पुसायला कोणीतरी स्टुलावर चढते आणि त्या धांदलीत घरातल्या एकाची तरी कंबर धरते. मग उपचार सुरू होतात. कोणी मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकते, कोणी एरंडाची पाने बांधते, आणि शेजारीपाजारी एखादा पायाळू माणूस असलाच तर त्याला बोलावून आणून दुखऱ्या जागी त्याचा पाय लावून घेतात. (या शेवटच्या उपायाला हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, उसण भरलेली कंबर बहुधा थोड्या दिवसांत आपली आपणच सुटते. त्यामुळे पायाळू माणसाचे यश भल्याभल्या डॉक्टरांना हेवा वाटावा इतके दांडगे असते!)

पण ही झाली पाहुणी दुखी. मी लिहिणार आहे ती दुखी पाहुणी म्हणून येते आणि घरजावयासारखी ठाण मांडून बसते. तीन महिन्यांच्या वर टिकली की डॉक्टर मंडळी तिला जुनाट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने बेजार होती. म्हणजे तेरा माणसांत एक. त्या तेराव्या माणसांपैकी मी एक. माझी दुखी साडेतीन वर्षांची. तिच्यावर मला जो उतारा मिळाला तो ऐकून आमच्या इमारतीतल्या अर्ध्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मला वजने उचलायला सांगितले होते.

माझी थोडी हकीगत सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळायचे नाही. मी चोपन्न वर्षांची, एका विमा कचेरीत नोकरीला. राहायला डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. घरी हे, एक मुलगा आणि त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवावे लागते, खुर्चीतून पुन्हा पलंगावर. दिवसा एक बाई येते. पहाटे आणि रात्री हे काम माझे. यांच्या छातीची शस्त्रक्रिया झालेली, आणि सासूबाईंना मुलाचा संकोच. त्या पाच-सहा वेळच्या उठबशीत माझी कंबर इतकी दुखू लागली की रात्री कूस बदलताना मी पलंगाची कड धरी.

शेवटी एका रविवारी घरात बैठक बसली. ठाण्याच्या नणंदबाई आल्या. त्यांची जागा दोन खोल्यांची, जावई रात्रपाळीचे. बोलता बोलता कोणीतरी ‘वृद्धाश्रम’ हा शब्द अगदी हलक्या आवाजात उच्चारला. सासूबाईंना दारावरची घंटा ऐकू येत नाही, पण हा शब्द त्यांना आतल्या खोलीत ऐकू गेला. त्या रात्री त्यांना उठवायला गेले तर म्हणाल्या, “राहू दे गं. मला आज पाणीच प्यायचं नाही.” पाणी प्यायले की उठावे लागते, हा त्यांचा हिशेब!

तोवर माझे रीतसर उपचार चालूच होते. एका हाडांच्या डॉक्टरांनी तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितले, पोलादी पट्ट्यांचा कंबरपट्टा दिला आणि दोन किलोंच्या वर काही उचलायचे नाही, वाकायचे नाही, अशी ताकीद दिली. दुसऱ्या एका ठिकाणी पायांना वजने बांधून कंबर ओढून झाली. मग एम. आर. आय. झाला. त्याचा अहवाल इंग्रजीत, आणि त्यातले प्रत्येक विशेषण अंगावर येणारे. मणक्यांमधल्या दोन गाद्या फुगलेल्या, झीज झालेली, पाणी आटलेले. तो कागद आमच्या जिन्यातल्या चार बिऱ्हाडांत फिरून आला, आणि प्रत्येक घरातून मला एकेक भीतिदायक गोष्ट परत मिळाली. कोणाच्या आतेभावाने बादली उचलली आणि तो तिथेच खिळला, कोणाची मावशी कायमची अंथरुणाला लागली.

या कागदाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण तो आता पुष्कळ घरांत कपाटात जपून ठेवलेला असतो. गादी फुटून मज्जातंतूवर दाब आणते आणि त्याने पाय दुखतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी १९३४ साली दाखवून दिले. तेव्हापासून कंबर दुखली की आधी गादीवर आळ घेण्याची चाल पडली. १९९४ साली अमेरिकेत काहींनी एक मोठा गमतीदार प्रयोग केला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशी ९८ माणसे गोळा केली आणि त्यांच्या कंबरेचे एम. आर. आय. काढले. त्यांतल्या ५२ टक्के माणसांची निदान एक गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या निर्दोष अशी माणसे भरली अवघी ३६ टक्के! पुढे २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची बेरीज झाली, तेव्हा दिसले की कंबर न दुखणाऱ्यांतही विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजू लागलेल्या असतात आणि ऐंशीच्या घरात हा आकडा ९६ टक्क्यांवर जातो. म्हणजे माझ्या अहवालातल्या निम्म्या गोष्टी केस पांढरे होण्याच्या जातीच्या होत्या. पांढऱ्या केसांचा अहवाल कोणी चार बिऱ्हाडांत फिरवत नाही.

अंथरुणावर पडून राहण्याचीही गत काही वेगळी नाही. १९८६ साली टेक्सासमध्ये २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले आणि दुखणे बरे होण्यात दोघांत फरक पडला नाही. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गावर पुन्हा पाहिले, तर झेपेल तेवढे रोजचे काम करत राहिलेले लोक निजून राहिलेल्यांपेक्षा लवकर सावरले. हे दोन्ही प्रयोग नव्या दुखीवरचे. जुन्या दुखीत पडून राहण्याचा तोटा त्याहून उघड आहे. मणक्यांना लगटून जे खोल, आखूड स्नायू असतात ते कंबर धरली की दुखऱ्या बाजूला बारीक होतात, आणि दुखणे गेले तरी आपोआप पहिल्यासारखे भरतातच असे नाही, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९६ साली दाखवले. पाहुणा गेला तरी घराची विस्कटलेली घडी कोणीतरी बसवावीच लागते, तसे ते आहे.

ती घडी कशी बसवायची, ते मला सांगितले एका सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने. माझे सगळे कागद तिने पाहिले, पाय उचलून, टाचेवर चालवून, गुडघ्यावर हातोडी मारून तपासले आणि विचारले, “काकू, तुम्ही किती वजन उचलता?”

“छे गं! दोन किलोंच्या वर उचलायला बंदी आहे.”

“आणि आजींना कोण उठवतं?”

मी गप्प बसले.

“आजी किती किलोंच्या?”

“अठ्ठेचाळीस.”

“मग त्यांनी पायावर थोडा भार घेतला तरी वीस-पंचवीस किलो तुमच्या वाट्याला येत असतील. रोज पाच-सहा वेळा. तुम्ही वजन उचलताच आहात काकू, फक्त त्याची तालीम केलेली नाही.”

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. भरलेली मोठी बादली पंधरा किलो. भरलेला गॅसचा सिलिंडर तीस किलोंच्या आसपास. त्यात गॅस १४.२ किलो आणि बाकी नुसते लोखंड. दहा किलोंचे पीठ जिन्याने तिसऱ्या मजल्यावर. दोन किलोंची मर्यादा घालणाऱ्याने संसार कधी केला असेल काय, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो अजून गेलेला नाही.

वजनांनी दुरुस्ती करण्याची ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराची इस्पितळे जायबंदी सैनिकांनी तुडुंब भरली होती. शिकागोच्या एका लष्करी इस्पितळात थॉमस डेलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. लहानपणी सांधेज्वराने त्याला अंथरुणाला खिळवले होते आणि पुढे त्याने वजने उचलून आपले शरीर कमावले होते. गुडघे बांधून पडलेल्या जवानांना तेव्हा हलक्या हालचाली पुष्कळ वेळा करायला लावत. डेलॉर्मने उलटे केले. पायात लोखंडी बूट अडकवला, त्याला वजन लावले आणि तेच थोड्या वेळा पण नेटाने उचलायला लावले. जवानांचे पाय भराभर भरू लागले. १९४५ साली त्याने हे प्रसिद्ध केले. पुढे त्याने बसवलेली रीत अशी: जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते ते शोधायचे, आधी त्याच्या निम्मे दहा वेळा, मग पाऊण दहा वेळा, मग पुरते दहा वेळा, आणि अंग तयार होईल तसतसे वजन वाढवत न्यायचे. आमच्या तालमीतल्या वस्तादांना यात नवल वाटले नसते. पहिल्याच दिवशी पोराच्या हाती जड करेल द्यायची नाही आणि महिन्यानंतरही त्याला हलकीच ठेवायची नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. तालमीत फक्त कंबर दुखणाऱ्या बाईला कोणी बोलावले नाही, इतकेच.

(जुन्या बायका जात्यावर दळत, हंडे वाहत, म्हणून त्यांच्या कंबरा कधी दुखल्या नाहीत, असे सांगणाऱ्यांवर मात्र माझा विश्वास नाही. माझ्या आजीच्या कंबरेवर बिब्बा घातल्याचे काळे डाग होते. तिला ओझे होते. विश्रांती, पोटभर जेवण आणि वजन बेताबेताने वाढवण्याची मुभा नव्हती.)

आता माझ्या तालमीकडे येते. पहिले पंधरा दिवस वजनच नव्हते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आठ वेळा. उताणे निजून, गुडघे उभे करून कंबर वर उचलणे आठ वेळा. आणि वाकायला शिकणे. हे शिकणे मोठे मौजेचे. दोन्ही हातांत ताटे असताना मागचे दार ढकलून लावायचे असेल, तर बाई जशी मागे रेटते, तसे रेटायचे. गुडघे किंचित सैल, बाक पाठीत न पडता जांघेत पडायचा. हे जमले की हातात पाच लिटरचा तेलाचा डबा, साडेचार किलोंचा. जमिनीवरून नव्हे, स्टुलावरून उचलायचा. मग स्टुलाऐवजी पाट. मग डब्याऐवजी पिशवीत तांदूळ. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये निदान एक दिवस सोडून. दर व्यायाम आठ ते बारा वेळा, थोडे थांबून पुन्हा, आणि झेपेल त्या दिवशी तिसऱ्यांदा. शेवटच्या दोन खेपांना दम लागला पाहिजे. नाही लागला तर पुढच्या वेळी तांदूळ वाढवायचे.

आणि दुखले तर? सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. माझाही होता. त्या मुलीचा नियम सोपा होता: करताना थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झाले, तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले तर वजन कमी करा, पण सोडू नका. तिसऱ्या आठवड्यात मला असे झाले. अकरा किलोंवरून सातवर उतरले. यांनी कंबरपट्टा खुंटीवरून काढून माझ्यापुढे ठेवला. काही बोलले नाहीत. मी तो पुन्हा छत्रीशेजारी अडकवला. (जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात व्यायामाची शिफारस आहे, आणि कंबरपट्टे व ओढण्याचे उपचार नेहमी म्हणून वापरू नयेत असे म्हटले आहे. ते कळल्यावर यांनी पट्ट्याची किंमत दोनदा विचारली.)

तिसऱ्या महिन्यात घरातले तांदूळ अपुरे पडले आणि मी जवळच्या व्यायामशाळेत जाऊ लागले. तिथल्या कर्कश गाण्यांविषयी न लिहिलेलेच बरे. आरशापुढे दंड फुगवणाऱ्या मुलांमध्ये सलवार-कमीज घातलेली एक काकू लोखंडी दांडा उचलते आहे, हे दृश्य मलाच पहिले काही दिवस पाहवत नव्हते. पण ती मुले मोठी गुणी निघाली. “काकू, श्वास सोडा, काकू!” असे ओरडून सांगत. सहाव्या महिन्यात मी पंचवीस किलो उचलले, वर्षाअखेरीस चाळीस.

याने कंबर दुखायची थांबली का? नाही. खरे तेच सांगितले पाहिजे. जुनाट कंबरदुखीवर व्यायामाचा उपयोग किती, याचा मोठा धांडोळा २०२१ साली घेतला गेला. त्यात २४९ प्रयोग तपासले होते. काहीच न करणाऱ्या किंवा नेहमीचेच उपचार घेणाऱ्या लोकांपेक्षा व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे शंभरात सरासरी पंधरा गुणांनी कमी भरले. पंधरा म्हणजे फार नाही आणि थोडेही नाही. शिवाय हा मान एकट्या वजनांचा नव्हे. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ७०१ माणसांच्या एका प्रयोगात, नुसते नेमाने चालणाऱ्यांची बरी झालेली कंबर पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले. न चालणाऱ्यांची ११२ दिवसांत धरली. तेव्हा ज्याला वजनांची नावड आहे त्याने चालावे, आसने करावीत. व्यायाम नेमाने होणे महत्त्वाचे.

तरीही मी वजनांचीच बाजू घेईन, आणि त्याचे कारण माझ्या पलंगाशेजारीच आहे. चालून चालून मला सासूबाईंना उठवायचे बळ आले नसते. शिवाय एक गंमत अशी की, ज्याची ताकद अधिक वाढते त्याचेच दुखणे अधिक कमी होते, असा सरळ हिशेब संशोधकांना मिळत नाही. मग आणखी काय बदलते? पुष्कळसे भय बदलते, असे दिसते. कंबर काचेची आहे अशी समजूत घेऊन वावरणारा माणूस प्रत्येक हालचाल आवळून करतो, हालचाल टाळतो, आणि टाळलेली हालचाल अधिकच दुखते. चाळीस किलोंचा दांडा उचलून पाहिल्यावर पाण्याच्या बादलीची भीती वाटत नाही. माझी कंबर अजून महिन्यातून चार-पाच दिवस कुरकुरते. पूर्वी ती कुरकुरली की मी रजा टाकी. आता चहा टाकते.

पन्नाशी ओलांडलेल्या भगिनींसाठी आणखी एक माहिती. पाळी गेल्यावर हाडे विरळ होतात, म्हणून वजन उचलू नये असे पुष्कळजणी मानतात. ऑस्ट्रेलियात हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली छापून आले. त्यांतल्या निम्म्याजणींनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने चांगली भारी वजने उचलली, आणि त्यांच्या मणक्यांची हाडे दाट झाली. मात्र हे जाणकाराच्या नजरेखाली चालले होते. माळ्यावरचा वरवंटा काढून आजच सुरुवात करा, असा याचा अर्थ घेऊ नये.

आणि काही दुखण्यांत वजनांचे नावही काढायचे नसते, आधी डॉक्टर गाठायचा असतो. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणे, पायातली शक्ती दिवसेंदिवस कमी होणे, यांत तर एक रात्रही थांबू नये. संध्याकाळचा ताप, झडत चाललेले वजन आणि रात्री निजूनही न थांबणारी कळ यांमागे मणक्याचा क्षय असू शकतो. आपल्या देशात हे विसरून चालत नाही. पूर्वी कर्करोग झालेला असेल, पडल्यानंतर दुखू लागले असेल किंवा स्टेरॉइडची औषधे दीर्घकाळ चालू असतील, तरी आधी तपासणी. माझी ही सगळी तपासणी त्या मुलीने पहिल्याच दिवशी केली होती, म्हणून तर पुढचे धाडस झाले.

सासूबाई घरीच आहेत. त्या मुलीने एकदा घरी येऊन त्यांचीही तालीम सुरू करून दिली. खुर्चीचे हात धरून उठायचे, पाच वेळा. पहिल्या आठवड्यात त्या एकदाच उठल्या आणि मला म्हणाल्या, “माझ्या वयाला हे काय नवं खूळ?” आता चार वेळा उठतात. त्यांच्या पायांनी जितका भार घेतला तितका माझ्या कंबरेवरचा उतरला. रात्री पाणीही पितात.

मंगळवारी आणि शनिवारी सकाळी मी व्यायामशाळेत न जाता घरीच करते, तेव्हा त्या पलंगावरून जपमाळेवर माझ्या खेपा मोजतात. काल मी आठव्या खेपेला डंबेल खाली ठेवू लागले, तर म्हणाल्या, “अजून दोन राहिले.” मी म्हटले, “आई, आज चकल्या करायच्या आहेत.” त्यांनी मणी धरून ठेवला होता, तो काही सोडला नाही.